शेवटच्या बांधीपर्यंत

भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा श्रीमंतीचा वाटेल. पण साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात धान पिकवणाऱ्या माणसाचं वर्ष सरासरीवर ठरत नाही. ते ठरतं सप्टेंबरअखेरपासूनच्या तीन-चार आठवड्यांत. रोवणी साधली, निंदण झालं, खत पडलं, धान गर्भात आला, आणि नेमका तेव्हाच पाऊस उघडला, तर लोंब उभी राहते पण दाणा पोचट राहतो. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला त्या दिवसांत एक, फार तर दोन पाणी मिळालं की एकरी किती खंडी धान होईल याचा सगळा हिशेब बदलतो.

मोठ्या सार्वजनिक बांधकामांचं व्यवस्थापन हा या प्रकरणाचा विषय आहे आणि त्याची सुरुवात मला या एका पाण्यापासून करायची आहे. धरणाची लांबी, दरवाज्यांची संख्या, खर्चाचे कोटी हे सगळे आकडे पुढे येतील. पण ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप करायचा, ते काम म्हणजे ऑक्टोबरच्या त्या दिवसांत शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेवटच्या खाचरात, पाणी पोचवणं. विकसनशील देशांतले मोठे प्रकल्प का रखडतात याची उत्तरं शोधताना अभ्यासक बहुतेक वेळा भिंतीपाशी थांबतात. खरी अडचण भिंतीपासून बांधीपर्यंतच्या वाटेवर असते.

हे पाणी साठवण्याची विद्या या भागात नवी नाही. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या लोकांनी जंगल साफ करून, उताराचा अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या आणि शेकडो तलाव उभे केले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. पुढे मालगुजारीच्या, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदारीच्या, काळात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, म्हणतात. कोणत्या बांधीला किती पाणी, पाळ फुटली तर कोणी किती मजुरी द्यायची, याच्या नोंदी गावोगावच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या वहिवाटी लिहिलेल्या दप्तरात, होत्या. या व्यवस्थेत जात होती, मालगुजाराची जरब होती, आणि तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण एक गोष्ट तिच्यात पक्की होती. तलाव बांधणारा, त्याचं पाणी घेणारा आणि त्याची डागडुजी करणारा एकाच गावात राहत होता. पाळीला भेग पडली तर ती सकाळी दिसायची आणि संध्याकाळपर्यंत माती पडायची.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले आणि तिघांचं नातं तुटलं. पाणी घेणारा गावात राहिला, दुरुस्तीचा अधिकार तालुक्याला आणि जिल्ह्याला गेला, मंजुरी त्याहून वर गेली. तलावांत गाळ भरत गेला. एका तलावाच्या बाबतीत जे घडलं तेच पुढे फार मोठ्या मापावर एका नदीच्या बाबतीत घडलं.

ती नदी वैनगंगा. पवनी तालुक्यात गोसीखुर्दजवळ तिच्यावर धरण बांधायची योजना आखली गेली, १९८३ मध्ये तिला प्रशासकीय मान्यता मिळाली आणि २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. कागदावर प्रकल्पाचं नाव इंदिरा सागर, लोकांच्या तोंडी गोसीखुर्द. सव्वाअकरा किलोमीटरहून लांब धरण, ३३ दरवाजे, ११४६ दशलक्ष घनमीटर साठा, डावीकडे सुमारे २३ किलोमीटरचा मुख्य कालवा, उजवीकडे सुमारे ९९ किलोमीटरचा. उजवा कालवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यातल्या ब्रिटिशकालीन आसोलामेंढा तलावाला जाऊन मिळायचा. शिवाय टेकेपार, आंभोरा, मोखाबर्डी आणि नेरला या उपसा सिंचन योजना. सगळं मिळून नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत २,५०,८०० हेक्टरची सिंचन क्षमता.

मूळ अंदाज होता ३७२ कोटी २२ लाख रुपयांचा. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ज्या सुधारित खर्चाला मान्यता दिली तो सुमारे २५,९७२ कोटी आहे. जवळजवळ ७० पट.

हा आकडा वाचून ‘भ्रष्टाचार’ म्हणून पान उलटणं सोपं आहे. तसं करू नये असं मला वाटतं, कारण त्यातून पुढच्या प्रकल्पासाठी काहीच हाती लागत नाही. आधी महागाई वेगळी काढू. दर वर्षी सरासरी ७ टक्के महागाई धरली तर ४२ वर्षांत किमती सुमारे १७ पट होतात. म्हणजे काहीही न बदलता तेच काम आज साडेसहा हजार कोटींच्या आसपास गेलं असतं. उरलेले एकोणीस हजार कोटींहून अधिक कुठून आले, हा खरा प्रश्न. आणि महागाईचे सहा हजार कोटीही निरागस नाहीत. काम दहा वर्षांत संपलं असतं तर ती १७ पट महागाई भोगावी लागलीच नसती. उशीर हा स्वतःच एक खर्च आहे, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो.

उशीर झाला तो पैसा नव्हता म्हणून, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. महाराष्ट्रात एकाच वेळी शेकडो सिंचन प्रकल्प सुरू होते. प्रत्येक तालुक्याला धरण हवं होतं, प्रत्येक आमदाराला भूमिपूजन हवं होतं. वर्षाला मिळणारा निधी इतक्या ठिकाणी वाटला गेला की कुठेच काम संपवण्याइतका उरला नाही. ठेकेदाराची माणसं, यंत्रं आणि बिलं मात्र चालू राहिली. प्रकल्प जितका अपुरा तितकं त्याचं पुढच्या वर्षाचं मागणीपत्र भक्कम, अशी उलटी रीत त्यातून रुजली. सुरू करणाऱ्याला मान मिळतो, संपवणाऱ्याला नाही. आपल्याकडे कोनशिला भूमिपूजनाची असते. शेवटच्या पाटचारीला पाणी आलं त्या दिवसाची कोनशिला मी कुठे पाहिलेली नाही.

१९९७ मध्ये नागपूरला विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झालं. कर्जरोखे काढून पैसा उभा करायचा आणि निर्णय वेगाने घ्यायचे, हा हेतू. २००९ मध्ये केंद्राने गोसीखुर्दला राष्ट्रीय प्रकल्प घोषित केलं आणि केंद्राच्या अनुदानाची दारं उघडली. म्हणजे पैशाची अडचण बरीच सैल झाली. आणि त्याच वर्षी जे झालं ते आज सार्वजनिक नोंदीत आहे. अवघ्या काही महिन्यांत महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यास मान्यता दिली गेली. त्यावर समित्या बसल्या, नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली, राज्य सरकारने २०१२ च्या अखेरीस माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं. कोण दोषी हा न्यायालयाचा विषय, आणि मला इथे त्यात शिरायचं नाही. मला रस आहे तो यात की एवढ्या मोठ्या वाढीला मान्यता देताना जो प्रश्न विचारला जायला हवा होता तो विचारण्याची जबाबदारी नेमकी कोणाची होती. प्रस्ताव करणारा विभाग, तपासणारा विभाग आणि मान्यता देणारं मंडळ हे एकाच रचनेचे भाग असले की प्रश्न विचारणाराच उरत नाही.

पैसा आला म्हणून काम चांगलं होतं असंही नाही. डाव्या मुख्य कालव्याचं उदाहरण घ्या. त्याच्या काँक्रीट अस्तरीकरणाचं काम निकृष्ट असल्याचं मेंढेगिरी समितीने दाखवून दिलं आणि ते काम पुन्हा करण्याची वेळ आली. अस्तरीकरण ही वरवर साधी गोष्ट. कालव्याच्या आतल्या बाजूने काँक्रीटचा पातळ थर द्यायचा, म्हणजे पाणी झिरपत नाही आणि वेगाने वाहतं. पण त्या थराखाली काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं तर ते दोन-तीन पावसाळ्यांत तडकतं. म्हणून आधी न फुगणाऱ्या मुरमाचा थर अंथरून, पाणी मारून, रोलरने दाबावा लागतो, आणि दाबलेल्या थराची घनता प्रयोगशाळेत तपासावी लागते. मुरूम आणणं महाग, दाबणं वेळखाऊ, आणि एकदा वर काँक्रीट पडलं की खाली काय झालं हे कोणालाच दिसत नाही. मोठ्या कामांत चोरी आणि आळस नेहमी झाकल्या जाणाऱ्या थरातच शिरतात. त्यामुळे त्या थराची तपासणी, तो झाकला जाण्यापूर्वी, ठेकेदाराशी संबंध नसलेल्या माणसाने करणं हाच एक उपाय आहे. लांबलचक कालव्याचं काम लहान लहान तुकड्यांत वेगवेगळ्या ठेकेदारांना दिलं गेलं तर ही तपासणी आणखी अवघड होते. प्रत्येकजण आपला तुकडा पूर्ण करतो, बिल घेतो आणि जातो. मधला एक पूल राहिला, एका गटाची जमीन ताब्यात आली नाही, की अलीकडचा आणि पलीकडचा कालवा दोन्ही कोरडे.

जमिनीचा विषय इथेच येतो, आणि तो या सगळ्यात सर्वांत वजनदार आहे.

गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली ऐंशीहून अधिक गावं येतात. पुनर्वसनाचा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तो कायदा १९७६ सालचा. नव्या गावठाणात शाळा, रस्ते, पाणी, स्मशानभूमी अशा अठरा नागरी सुविधा द्याव्यात असं नियम सांगतो. पण कायदा असणं आणि विहिरीला पाणी लागणं यांत अंतर राहिलं. नव्या गावठाणांत घरं पाडून-बांधून राहायला जाण्याइतक्या सोयी वेळेवर झाल्या नाहीत, म्हणून लोक हलले नाहीत. लोक हलले नाहीत म्हणून धरणात ठरल्या पातळीइतकं पाणी भरता आलं नाही, ते टप्प्याटप्प्याने भरावं लागलं. पाणी नाही म्हणून कालव्याची घाई नाही. आणि तोवर जमिनीचे भाव वाढत गेले. २०१४ च्या आरंभी नवा भूसंपादन कायदा लागू झाला, तेव्हा ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ लागला. तो न्याय्यच आहे. पण १९९० मध्ये योग्य मोबदला आणि नीट गावठाण दिलं असतं तर सरकारचेही पैसे वाचले असते. सतत आंदोलनं झाल्यानंतर २०१३ मध्ये सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर झालं. भूमिपूजनानंतर पंचवीस वर्षांनी. १९८८ मध्ये ज्यांचं लग्न व्हायचं होतं ते तोवर आजोबा झाले होते, आणि एका कुटुंबाची तीन कुटुंबं झाली होती.

पुनर्वसन हा प्रकल्पाचा सामाजिक भाग आणि भिंत हा तांत्रिक भाग, अशी वाटणी अभियंत्यांच्या शिक्षणात होते. ती चूक आहे. गोसीखुर्दमध्ये पाण्याची पातळी ठरवली ती दरवाज्यांनी नव्हे, गावठाणांनी. त्यामुळे वेळापत्रकात पहिली ओळ गावठाणाची असायला हवी.

हे दुखणं फक्त आपलं नाही. उत्तर प्रदेशातल्या शरयू कालव्याचं काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि उद्घाटन डिसेंबर २०२१ मध्ये झालं. शंभर कोटींच्या आतला अंदाज दहा हजार कोटींच्या जवळ गेला. नर्मदेवरच्या सरदार सरोवराची कोनशिला १९६१ ची, लोकार्पण २०१७ चं. इथिओपियाने नील नदीवरचं आपलं महाधरण २०११ मध्ये स्वतःच्या पैशाने, नागरिकांकडून रोखे घेऊन सुरू केलं. पण टर्बाइनचं काम अनुभव नसलेल्या सरकारी लष्करी कंपनीकडे दिल्यामुळे ते रखडलं, २०१८ मध्ये तो करार काढून घ्यावा लागला, आणि उद्घाटन २०२५ मध्ये झालं. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९३४ ते २००७ या काळात ६५ देशांत बांधलेल्या २४५ मोठ्या धरणांचे हिशेब तपासले. महागाई वजा करूनही प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्के जास्त निघाला. श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत.

त्या गटातले बेंट फ्ल्यूबियर्ग यांचं म्हणणं असं की अंदाज चुकण्याची दोन कारणं असतात. एक, माणूस स्वभावानेच आशावादी असतो. दोन, मंजुरी मिळवायची असते म्हणून आकडा मुद्दाम लहान दाखवला जातो. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय साधा आहे. आपल्या प्रकल्पाचा अंदाज आतून, एकेक बाब मोजून करू नका. त्याच जातीचे आधीचे प्रकल्प प्रत्यक्षात किती महाग पडले, किती वर्षं लागली ते बघा आणि तोच आकडा धरा. विदर्भातल्या पुढच्या कालव्याचा अंदाज करताना गोसीखुर्दचा इतिहासच मापदंड म्हणून वापरायचा. हे सोपं वाटतं, पण राजकीयदृष्ट्या फार कठीण आहे, कारण खरा आकडा आधी सांगितला तर प्रकल्प मंजूर होईलच असं नाही. माझ्या मते, जो प्रकल्प खऱ्या आकड्याने मंजूर होऊ शकत नाही तो खोट्या आकड्याने सुरू करू नये.

आपल्याकडे जमतच नाही, असंही नाही. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी ७६० किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. सह्याद्रीचा कडा, मऊ मातीचे बोगदे, खाड्या, मुसळधार पाऊस, वाढलेला खर्च हे सगळं तिथेही होतं. फरक कशात होता? एकच काम करणारी स्वतंत्र संस्था होती, तिच्यापुढे दुसरा प्रकल्प नव्हता. ई. श्रीधरन सुरुवातीपासून पूर्णत्वापर्यंत प्रमुख होते. कामाच्या जागी उलटी मोजणी करणारी घड्याळं लावलेली होती, किती दिवस उरले ते प्रत्येक मजुराला दिसायचं. जमिनीचं काम आधी हाती घेतलं, रुळांचं नंतर. सिंचन प्रकल्प रेल्वेपेक्षा अवघड आहे हे मान्य. रेल्वेला लांब चिंचोळी पट्टी लागते, धरणाला गावंच्या गावं. रेल्वे गाडी धावली की संपते, कालव्याला प्रत्येक शेतापर्यंत फांद्या फुटाव्या लागतात. पण एकाच माणसाने सुरुवात पाहावी आणि शेवटही पाहावा, हे धरणालाही लागू पडतं. गोसीखुर्दच्या काळात किती अधीक्षक अभियंते आले, बदलून गेले, निवृत्त झाले याचा विचार करा. ज्याने आराखडा केला त्याने पाणी पाहिलं नाही, आणि ज्याने पाणी सोडलं त्याला आराखडा असा का केला हे सांगणारं कोणी उरलं नाही.

बांधकाम संपलं की व्यवस्थापन संपतं असंही समजू नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. वरच्या राज्यातलं धरण, खालच्या राज्यातलं धरण आणि मधलं शहर यांच्यात तासातासाचा निरोप चालायला हवा, हे तेव्हा लोकांना घरात पाणी पाहून कळलं. दुसरं उदाहरण नागपूरचं. शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, आणि साठलेल्या पाण्यात ते गोसीखुर्दपर्यंत पोचतं. वाहत्या नदीत जे पुढे निघून जायचं ते आता काठच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात थांबतं. धरण बांधणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात नागपूरचं मलजल शुद्धीकरण नव्हतं. नदीवर भिंत घालणाऱ्याने वरच्या शंभर किलोमीटरचा हिशेब घ्यायलाच हवा.

आता गोसीखुर्दच्या कालव्यांच्या उरलेल्या वितरणासाठी बंद नलिकांचा मार्ग स्वीकारला आहे. मला ही चांगली दिशा वाटते. उघड्या पाटचारीला जमीन संपादन करावी लागते, जमिनीखालच्या नळीवर शेती करता येते. गळती कमी. पण नळी फुटली तर ती शोधणं आणि दुरुस्त करणं कोणाचं काम? महाराष्ट्राने २००५ मध्ये शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्था चालवावी असा कायदा केला, पाणी वापर संस्था त्याच कायद्याने येतात. या संस्थांना नळ्या टाकल्यानंतर कागदावर हस्तांतरण करून चालणार नाही. नळी कुठून जाईल, व्हॉल्व्ह कुठे बसेल हे ठरवतानाच त्या असायला हव्यात. इथे कोहळ्यांच्या तलावाची आठवण कामाची आहे. पाणी घेणारा आणि डागडुजी करणारा पुन्हा एकत्र आणण्याची ही दुसरी संधी आहे, आणि ती बहुधा शेवटची.

हे सगळं आताच का, तेही सांगायला हवं. २०२४ मध्ये राज्याने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली आहे. गोसीखुर्दच्याच जलाशयातून सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्याने बुलडाणा जिल्ह्यापर्यंत पाणी न्यायचं, अंदाजित खर्च ८८,५७५ कोटी. पश्चिम विदर्भाची तहान खरी आहे आणि तिथल्या शेतकऱ्याने पाणी मागणं रास्त आहे. पण ९९ किलोमीटरच्या उजव्या कालव्याने आपल्याला काय शिकवलं, हे लिहून, छापून, जनतेपुढे ठेवल्याशिवाय ४२६ किलोमीटरला हात घालणं मला मान्य नाही. गोसीखुर्दच्या प्रत्येक वितरिकेवर किती हेक्टरला प्रत्यक्ष पाणी गेलं, कोणत्या महिन्यात गेलं, कोणत्या गावठाणात कोणती सुविधा अपुरी आहे, याचा गावनिहाय तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. तो तयार करायला नवा पैसा लागत नाही. मोजणीची यंत्रणा आहे, नकाशे आहेत, कर्मचारी आहेत.

भंडारा, नागपूर किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाभक्षेत्रात तुमचं शेत असेल तर पुढच्या ग्रामसभेत हा तक्ता मागा. तुमचं शेत एकोडीसारख्या, या कालव्यांपासून दूरच्या गावात असेल, तर तुमच्या तलावाचा असाच तक्ता मागा: साठा किती, गाळ किती, दुरुस्ती शेवटची कधी झाली आणि ऑक्टोबरमध्ये शेवटच्या बांधीला पाणी मिळालं की नाही. माहितीच्या अधिकाराखाली साध्या अर्जावर, दहा रुपयांच्या शुल्कात, ही माहिती मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणं कार्यालयाला बंधनकारक आहे.